परतीचा तास

३ डिसेंबर २०२३, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. मेडशीच्या घरी, ओसरीत, आईने पहिली ओळ विणायला घेतली आणि मी वहीत वेळ नोंदवली.

सहा महिन्यांपूर्वीच्या अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा उजवा हात बधिर झाला होता. बोटे वळत होती. पण त्यांत काय आहे, हे पाहिल्याखेरीज तिला कळत नसे. दोनदा तव्याला लागून पोळली, तेही वास आल्यावर समजले. बाबा दिवसभर तुरीच्या वावरात. मला बंगळुरूला संशोधनासाठी प्रवेश मिळाला होता आणि होकार दोन दिवसांत कळवायचा होता. निकष मीच ठरवला: अठरा टाक्यांच्या पट्टीवर तिने वेणीचा एक पीळ एकटीने पाडावा, एकही टाका गळू न देता. जमले, तर ती घरी एकटी राहू शकते; मी जायचे. तिला हे मान्य होते. स्वेटरवर दोरीसारख्या उठून दिसणाऱ्या त्या वेण्या तिने वीस वर्षे तोंडपाठ विणल्या होत्या.

आता मात्र ओळींचा क्रम तिच्या लक्षात राहत नसे. म्हणून मी आलेखाच्या कागदावर तक्ता काढला. एक चौकोन म्हणजे एक टाका; कोरा सुलट, ठिपक्याचा उलट. तीन टाके आखूड सुईवर घेऊन पुढे धरायचे, त्यांच्या पलीकडचे तीन आधी विणायचे आणि मग हे. तिथे तिरप्या रेघा. भौतिकशास्त्राच्या सवयीने मी प्रत्येक ओळ डावीकडून सुरू केली होती. आईने कागद गुडघ्यावर ठेवून बराच वेळ पाहिला.

"काहून वं, तू तं दरखेपी डावीकडूनच निघून राह्यली. तासाच्या टोकाले गेल्यावर बैल काय रिकामे वापस आणतेत?"

पेरणीच्या ओळीला आमच्याकडे तास म्हणतात. जाणारा तास जिथे संपतो, तिथूनच परतीचा सुरू होतो, विणकामातही तसेच. एम.एस्सी.ला हे मला कोणी विचारले नव्हते. मी तक्ता पुन्हा आखला: विषम ओळींचे आकडे उजव्या कडेला, सम ओळींचे डाव्या, प्रत्येक आकड्यापाशी बाण, पिळाची खूण लाल. आता हे पाहून तुझ्या बाबांनाही विणता येईल, असे ती म्हणाली.

चार ओळी बिनचूक गेल्या. उजवी सुई तिने काखेत दाबून धरली होती. बहुतेक काम डावा हात करत होता. पाचव्या ओळीत पीळ आला. तिने तीन टाके आखूड सुईवर घेतले, ती सुई उजव्या बोटांत धरली आणि पुढचे चौकोन वाचू लागली. तक्ता इतका स्पष्ट होता की तिची नजर त्यावरून हलली नाही. सुई टाक्यांतून निसटून मांडीवर पडली. पलीकडचे तीन विणून झाले. सुटलेल्या तीन टाक्यांची हाताने आठवण करून दिली नाही, म्हणून ती थेट पुढच्या ठिपक्यांवर गेली आणि ओळ संपवली.

"अठरा हायेत ना?"

मी हो म्हणाले.

"मंग बॅग भर आता."

त्या वेळी मला काही वाटले नाही. मी फक्त मोजले होते. पुढचा धागा घालण्याचे निमित्त करून पट्टी तिच्या हातून घेतली. संध्याकाळी संस्थेला नकार कळवला आणि आईला सांगितले की प्रवेश पुढच्या वर्षावर गेला आहे. वहीतली नोंद मात्र तेव्हाच, ओसरीत बसूनच केली होती: दहा वाजून छप्पन्न मिनिटे, ओळ पाचवी, टाके १५.