थोरल्या भावाचे मत आणि मेंदूतील गाठ

गोव्याच्या राजभाषेच्या वादात मी मराठीच्या बाजूचा, तर थोरला भाऊ कोकणीच्या. त्याच्या मेंदूत गाठ निघाली, तरी तो शस्त्रक्रियेस नकार देई. कवटी उघडून रुग्णाला गुलाम करणाऱ्या डॉक्टरचा थरारपट त्याने म्हापशात पाहिला होता.

"डॉक्टराक सांगून तूं म्हाका मराठीवालो करतलो!" तो गरजला.

"दादा, तुजें मत बदलप देवाक जमूंक ना, डॉक्टराक खंयचें जमतलें?"

त्याला मरू देणे मला मान्य नव्हते. पेडण्याच्या मामलेदार कचेरीसमोर मी लोकांचे असंख्य अर्ज लिहिले आहेत, हा सर्वांत काटेकोर लिहिला : "केवळ गाठ काढावी. रुग्णाचे भाषाविषयक मत अबाधित राखावे." डॉक्टरांनी गंभीरपणे सही केली.

अर्ज मराठीत का, अशी हरकत घेऊन दादाने संमतिपत्रावर सही केली.