सरांकडची तयारी

गुडघ्याला बाम चोळला की मला ऐंशीच्या दशकातली, मुलुंडमधली मे महिन्यातली एक दुपार आठवते. जूनपासून विद्यापीठातला आमचा विभाग माझ्याकडे येणार होता आणि निवृत्त होणाऱ्या सरांनी मला तयारीसाठी घरी बोलावलं होतं. सर पलंगावर पाय लांब करून बसले होते, खोलीभर बामाचा वास होता आणि पंखा नुसताच गरम वारा ढवळत होता. मी वेळापत्रकाचं काढलं, तर म्हणाले, "ते कारकून सांगेल. आपल्या हंगामी शिक्षकाला कायम करायचं नाही, असं वरून ठरलंय. ते त्याला तूच सांगायचं आहेस. समज मी तो. सांग मला." मी अडखळत सांगितलं. "पण मॅडम, पुढच्या वर्षी तरी?" सरांनी त्याच्यासारखीच मान खाली घालून विचारलं. "बघू," मी म्हणाले. "बघू म्हणू नकोस गं. त्याच्यावर माणूस वर्षं काढतो." मग पुन्हा, पुन्हा. शेवटी माझ्या तोंडून सरळ निघालं, "पुढच्या वर्षीही नाही. तुम्ही दुसरीकडे प्रयत्न करा." पन्हं घेऊन आलेल्या सरांच्या पत्नी दारातच थांबल्या. सर भिंतीकडे बघत म्हणाले, "झालं. आता चालवशील तू विभाग." जूनमध्ये तो शिक्षक माझ्यासमोर बसला आणि मी ते वाक्य तसंच म्हटलं. तो म्हणाला, "सर तर दरवर्षी बघू म्हणायचे." ती खुर्ची सुटूनही आता किती वर्षं झाली, पण ते वाक्य मला अजून न अडखळता म्हणता येतं.