बाभळीची पाचर

पिस्तुलात बाभळीचं लाकूड चालत नाही. हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे.

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. माझा बाप एका साहेबाच्या शिकारीत हाकारे घालायचा. साहेब विलायतेला जाताना त्याला आपलं जुनं पिस्तूल देऊन गेला. (परवाना होता, उगाच शंका नको.) दारू ठासून उडवायचं, सहा बारांचं. गोळ्यांच्या फिरत्या चक्राच्या वरून उघडं, आणि नळी एका लोखंडी पाचरेवर अडकवलेली. देवळ्याकडचा माझा मेहुणा दगडू, त्याच्याकडेही तसलंच, पण वरून लोखंडी पट्टी असलेलं, बंद. तो म्हणायचा, बंद ते मजबूत. मी म्हणायचो, बंद ते काजळी धरतं, चक्र आवळून बसतं. एवढ्यावरून आमचं जेवण गार व्हायचं.

त्या साली दसऱ्याला गंगूला, म्हणजे माझ्या बायकोला, माहेराहून आणायला गेलो. पावसाळाभर मी हातच्या भाकरी खाल्ल्या होत्या. (कुत्रं वास घेऊन परत जायचं!) दगडू म्हणाला, बहीण दिवाळी करूनच येईल. मी म्हणालो, आजच येईल. लय वाजलं. शेवटी ठरलं, शस्त्रपूजेचा नारळ बांधावर ठेवायचा, ज्याचं पिस्तूल फोडेल त्याचं खरं. गंगू गाठोडं बांधून ओट्यावर बसली.

आता खरी गंमत. पूजेसाठी सकाळीच मी पिस्तूल खोलून गरम पाण्याने धुतलं होतं, आणि पाचर त्या पाण्याबरोबर कांद्याच्या रोपात गेली. सापडेना. मी शेतकरी माणूस. कुऱ्हाडीला ठोकतो तशी बाभळीची तासून ठोकली, वर झेंडूचं फूल खोवलं.

दगडूचे दोन बार हुकले. तिसऱ्याला त्याचं चक्र काजळीने आवळलं ते हलेचना. मी हसलो.

"दाजी, हाई पिस्तूल शे का चिलीम?" माझ्या पाचरेकडे बघून तो म्हणाला. "धूर तरी काढा."

मी चाप ओढला. धूर निघाला. हातात मूठ आणि चक्र राहिलं, नळी गेली! गरगरत गेली आणि नारळावर बसली. नारळाची दोन शकलं. गोळी कुठे गेली ते आजवर कळलं नाही.

दगडू म्हणाला, गोळी लागली नाही, हे धरायचं नाही. सगळं गाव वाद घालायला बसलं. गंगू उठली, बांधावर गेली, गरम नळी पदरात गुंडाळली.

"दादा, नारळ फुटना ना? मंग आते वाद कसाना?"

फुटला तो फुटला, असं ठरवून तिने गाठोडं डोक्यावर घेतलं आणि माझ्या पुढे चालायला लागली.

तिला जाऊन आता वर्ष होईल. जन्मभर ती आयाबायांना सांगायची, आमच्या ह्यांची गोळी चुकली तर हे पिस्तूलच फेकून मारतात. सगळ्या हसायच्या, मी घरातून म्हणायचो, पुरे. आता सांगणारं कोणी नाही, म्हणून मीच सांगतो. तिच्यासारखं जमत नाही. बोलण्यातही माझा नेम तसाच.