खाडी कोणी उतरवली

कार्तिक वद्य सप्तमीला पहाटे आम्ही चौघे शेणव्याहून पायी निघालो. तेव्हा भातसा धरण झालेलं नव्हतं. पुढे माझे दामूकाका, त्यांच्यामागे काकी, मग मी आणि शेवटी डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं घेतलेली चंद्री. चंद्री कातकरीवाडीतली, चाळिशीची, ओझं वाहायला मजुरीवर घेतलेली. मी बावीस वर्षांचा, नुकताच मास्तर झालेला. निर्मळची यात्रा करायची आणि एकादशीला जवळच्या कळंबच्या किनाऱ्यावर नवे तांदूळ समुद्राला द्यायचे, हा आमच्या घराचा रिवाज. त्यातली पहिली मूठ मात्र, ज्याने सगळ्यांना सुखरूप खाडी उतरवली त्याच्या हातची.

या यात्रेची गोष्ट मी जन्मभर सांगत आलो, आणि प्रत्येक वेळी एका जागी खोटी सांगितली.

दुसऱ्या दिवशी वज्रेश्वरी गाठली. तिथल्या गरम कुंडात शिजतील म्हणून काकीने फडक्यात बांधून थोडे तांदूळ सोडले. तासाभराने काढले तर दाताखाली कचकच. शेजारी उतरलेल्या एका म्हातारीने हसत आमच्या पुढ्यात वालाचं बिरडं आणि नाचणीच्या भाकऱ्या ठेवल्या. "देवीच्या दारात कच्चं खाऊन जाता काय गो?" नाव ना गाव, पण तिने आम्हाला पोटभर वाढलं.

दशमीच्या दुपारी मिठागरांच्या पट्ट्यात आलो. पुढे खाडी होती, पण पाणी कुठे? नुसता चिखल आणि मधे कोरडा उंचवटा. आम्ही डोंगराकडची माणसं. पाऊस पडला की नदी चढते, पाऊस नसला की उतरते, एवढंच आमचं पाण्याचं ज्ञान. आकाश लख्ख. काकांनी उंचवट्यावर घोंगडी पसरली. आम्ही भाकरी खाल्ली आणि चक्क आडवे झालो.

"उठा, उठा! काकी, उठ गो! पानी भरतंय!" चंद्री ओरडत होती.

काका डोळे न उघडताच म्हणाले, "ढग नाय, पाऊस नाय. पानी कुठनं भरतंय? निज गपचूप."

"समिंदराला ढग लागत नाय, बाबा. धा सालं मिठागरात मीठ ओढलंय मी. ही भरती हाय."

मी मान उचलून पाहिलं. ज्या चिखलातून आलो होतो तिथे पाणी चमकत होतं. मागे फिरायची सोय राहिली नव्हती. चंद्रीने गाठोडं डोक्यावर घेतलं, काकीचा हात धरला आणि पाय कुठे टाकायचा ते सांगत पुढे चालू लागली. "नीट माझ्या पायावर पाय टाक रे मास्तर. तिकडं गेलास तर कमरंवर रुतशील." पैलतीरी लागलो तेव्हा पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. तांदळाला थेंब लागला नव्हता.

संध्याकाळी निर्मळला एका वाडवळ (तिथल्या बागायतदार समाजातल्या) बाईंच्या अंगणात उतरलो. त्यांना सगळे पार्वतीमावशी म्हणत. असं जेवण मी पुन्हा जेवलो नाही. उकडहंडी (मडक्यात वाफवलेले कंद आणि वालाच्या शेंगा), गरम भात, आणि वर सुकेळी (उन्हात वाळवलेली पिकली केळी), मधासारखी गोड. आम्ही ओटीवर बसलो, चंद्रीचं पान खाली माडाच्या बुंध्याशी मांडलं.

वाढता वाढता मावशींनी विचारलं, "मग खाडी कोणी उतरवली?"

काका भाताकडे बघत राहिले. काकीने तोंड उघडलं होतं. तिच्या आधी मी म्हणालो, "मी. भरती ओळखली मी."

"शिकलेला मुलगा तो!" मावशींनी मला आणखी एक सुकेळं वाढलं. काकीने माझ्याकडे पाहिलं आणि घास गिळला. माडाखाली चंद्री जेवत राहिली.

दुसऱ्या दिवशी कळंबला समुद्रात पहिली मूठ मी सोडली. चंद्री गुडघाभर पाण्यात गाठोडं धरून उभी होती.

परतताना तिच्या वाडीच्या फाट्यावर ती थांबली. मला वाटलं आता शिव्या देईल. ती म्हणाली, "पुढच्या साली निघशील तवा इचारून जा. नायतर खरंच बुडवशील समद्यांना." आणि हसत गेली.

तेव्हापासून अकरा वर्षं ती यात्रा मी नेली. गावाने वाटाड्या म्हणून माझा मान केला. दर वर्षी निघण्याच्या आदल्या दिवशी मी तिच्या झोपडीपाशी जात असे. "चंद्रे, दशमीला भरती कधी लागेल?"

"तीच तिथ, तेच पानी," ती म्हणायची. "उन्हं कलली की. दर साली काय इचारतस, मास्तर?"

मला ते पहिल्याच वर्षी पाठ झालं होतं. मी जायचो ते दुसरंच बोलायला, आणि भरतीची वेळ ऐकून परत यायचो. बाराव्या वर्षी गेलो तेव्हा झोपडीत ती नव्हती. पावसात तापाने गेली, असं तिच्या सुनेने सांगितलं. त्या वर्षी मी यात्रेला गेलो नाही, आणि नंतरही कधी गेलो नाही.

वाटेवरची माणसं आणि त्यांनी वाढलेलं अन्न यांचा मला आजही अभिमान वाटतो. आमच्या मुलखातली एक बाई समुद्राचं पाणी ओळखत होती, याचा त्याहून जास्त. तेव्हा लिहून ठेवतो: शेणव्याच्या माणसांना खाडी चंद्रीने उतरवली. त्या वर्षी, आणि यात्रा मी नेली म्हणतात त्या अकराही वर्षी.