सोवळ्यात सोडलेली गोळी

तंजावूर स्टेशनात गाडी हलली तशी आई खिडकीचा गज धरून चालू लागली. शेवटी अप्पांनी तिला मागं ओढलं. मला पुण्यात नोकरी लागली होती, आणि आईची भीतीनं होणारी छातीतली धडधड नुकती कुठे औषधानं आटोक्यात आली होती. डॉक्टरांनी आम्हां दोघींसमोर बजावलं होतं: ही गोळी मेंदू शांत करते, पण शरीराला तिची सवय होते. ती आपल्या मनानं बंद करायची नाही. थांबवायची तर त्यांना विचारून, हळूहळू. दोघींनी माना डोलावल्या.

पुण्यात माझ्या तमिळ हेलाच्या जुन्या मराठीचं ऑफिसात फार कौतुक झालं. त्या कौतुकात नवरात्र आलं. आमच्याकडे नऊ दिवस मडी, म्हणजे कडक सोवळं. बाहेरचं काही पोटात जायचं नाही, औषधसुद्धा. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी डॉक्टरांना सांगायचं सुचलं नाही. गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्हांला तरी सुचलं असतं का?

चौथ्या दिवशी सकाळी अप्पांचा फोन आला. "अगं, तुझ्या आईचे हात थरथरतात. झोप नाही. दुखणं वाढलं बघ." मी विचारलं, गोळी? त्यांनी फोन आईकडे दिला.

"मडीत ती गोळी कसाला गे? देवी बघून घेती."

मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ओरडले, आई, एकदम सोडल्यामुळेच हे होतंय, आकडीचे झटके येतील, आत्ता डॉक्टरांकडे जा. ती म्हणाली, आरती झाली की जाते. मी अप्पांच्या विनवण्या केल्या. तेही म्हणाले, आरती होऊ दे. मी जिन्यातच बसून रडले. दुसरं काय करणार होते?

आरतीआधीच तिला झटका आला.

ती वाचली. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. आता ती काही महिने थोडी थोडी कमी करायची आहे. सोबत दुसरं औषध दिलंय, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. मी तंजावूरला चार दिवस राहून परत आले.

आता रोज सकाळी मी फोन करते. आई म्हणते, "घेतलं गे." खरं बोलते की मला बरं वाटावं म्हणून, इथून कळायला मार्ग नाही. माझं घर आता तेवढ्या दोन शब्दांत आहे, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवण्यावाचून माझ्या हातात काही नाही.