लिंबाजीनं नेलेला सांगावा

लिंबाजी वाव्हळे जिंतूरच्या मोरेश्वर जिनिंग कंपनीत बॉयलरवर होता. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या लागायच्या, जीन सुरू व्हायची आणि ऊन तापेपर्यंत चालायची. तेवढे महिने भट्टीत लाकूड-कोळसा घालायचा, वाफेच्या काट्यावर नजर ठेवायची आणि पाळी बदलली की भोंगा वाजवायचा, हे त्याचं काम. निजामाच्या राज्यात तो कामावर लागला आणि एकोणसत्तर साली निवृत्त झाला. भट्टीच्या धगीनं त्याच्या भुवया विरळ झाल्या होत्या आणि एका कानानं कमी ऐकू यायचं. उंच, सावळा, बोलणं मोजकं. बायको सरजाबाई म्हणायची, "ह्यांच्या वाटचं समदं त्या भोंग्यानंच बोलून टाकलं."

भट्टीपुढं त्याच्या जोडीला मुंजाजी होता. मुंजाजी राणीसावरगावचा. घरची कोरडवाहू जमीन थोडी, म्हणून तो तरुणपणी इतक्या लांब नोकरीला आला. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, त्यामुळं दोघांनी आपली हातवाऱ्यांची भाषा केली होती. कोळसा टाक, थांब, भाकरी खाऊन ये, सगळं बोटांवर. मुंजाजी मराठ्याचा आणि लिंबाजी बौद्ध, पण भट्टीपुढं दोघांच्या अंगावर एकच काजळी असायची. निवृत्त झाल्यावर मुंजाजी गावी गेला, तरी वर्षातून चार-दोनदा एसटीनं जिंतूरला यायचा तो लिंबाजीला भेटायलाच. दोघं लिंबाजीच्या अंगणात बसायचे. कधी कधी तासभर कुणीच काही बोलायचं नाही आणि मग मुंजाजी समाधानानं उठायचा.

एकाहत्तर साली हेडक्लार्क बन्सीधरराव निवृत्त झाले आणि त्यांनी कंपनीच्या जुन्या माणसांचं मंडळ काढलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकीच्या शेडमध्ये सगळे जमायचे. पोत्यांवर बसायचे. बन्सीधरराव उभे राहून बातम्या सांगायचे. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, कुणाचा नातू मास्तर झाला. कुणी वारलं असेल तर ते शेवटी सांगायचे. मग सगळे टोप्या काढून उभे राहायचे. त्यानंतर चहा.

मंडळाचं बरं चाललं होतं. एका बैठकीत मात्र वालूरचे तात्याराव चिडून उभे राहिले. ते प्रेसवरचे मुकादम होते, कापसाच्या गासड्या बांधणाऱ्या टोळीचे. त्यांच्या टोळीतला पंडित गेला होता आणि ते त्यांना तेरवी उलटून गेल्यावर बाजारात कळलं.

"आख्खी जिंदगी एका प्रेसवर काढली आमी," तात्याराव म्हणाले. "आन मला त्याच्या मातीला जाता आलं न्हाई. कार्ड येतं आठ दिसांनी. तेबी वाचून दाखवायला मानूस हुडकावं लागतं. मग हे मंडळ कशाला काढलंय?"

शेडमध्ये चुळबुळ झाली. कुणीतरी म्हणालं, मयताचा सांगावा घेऊन जाणारा एखादा माणूस ठेवला पाहिजे. एसटीचं भाडं मंडळानं द्यावं.

बन्सीधरराव चटकन म्हणाले, "मग लिंबाजी जाईल. त्याच्या घराण्यात ते चालत आलेलंच आहे. त्याला सवय आहे."

ते सरळपणानं बोलले होते. दोन-चार जणांनी मानाही डोलावल्या. लिंबाजीला आधी नीट ऐकू आलं नाही. शेजारच्यानं कानाशी वाकून सांगितलं, तेव्हा तो उठून उभा राहिला.

"मी जाणार न्हाई," तो म्हणाला.

"का रे?" बन्सीधररावांनी विचारलं.

लिंबाजी बोलायला लागला, तो कमी ऐकणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात.

"माझा बाप सिताराम. आमच्या गावात पाटलाची आई वारली, तवा त्याला सांगावा देऊन पाव्हण्यांच्या गावाला धाडलं. उनाचे दिस. पायात कायी न्हाई. परत्येक गावात वाड्याच्या भाईर हुबं ऱ्हाऊन वरडायचं. आतून कुनी भाकर टाकली तर उचलायची आन फुडल्या गावाची वाट धरायची. त्यो तिकडं आसताना माझी धाकली बहीण तापानं गेली. बापाला सांगायला कोन जाणार? सांगावा नेणारा मानूसच गावात नव्हता. बाप परत आला तवा तिला पुरून झालं होतं. त्याला येशीवर ढोरं राखणाऱ्यानं सांगितलं, चालता चालता."

लिंबाजीनं पोत्यावरची टोपी उचलली.

"छप्पन साली आमी दीक्षा घेतली आन ती कामं सोडली. कंपनीची भट्टी मी पेटवली, उद्या म्हनाल तर पुन्यांदा पेटवीन. ह्ये करणार न्हाई."

त्यानं टोपी घातली आणि तो निघून गेला. त्या दिवशी चहा झाला की नाही, ते कुणाला आठवत नाही.

पुढच्या बैठकीला लिंबाजी गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पहिला रविवार आला की तो सकाळीच धोतर नेसून तयार व्हायचा आणि अंगणात बसून राहायचा. सरजाबाई म्हणाली, "जावा की. तुमी चूक बोलला का?"

"न्हाई."

"मंग?"

"आता मी गेलो की समदे गप बसतेल. मला बघून गप बसलेली मानसं मला नगं."

असेच दोन-तीन महिने गेले. मग एका दुपारी बन्सीधरराव लिंबाजीच्या वस्तीत, भीमनगरात आले. जिंतूरला सगळा जन्म काढून ते त्या वस्तीत पहिल्यांदाच येत होते. घर विचारत विचारत आले, छत्री मिटून दाराशी उभे राहिले. लिंबाजीनं बाज टाकली. सरजाबाईनं तांब्या-पेला आणून समोर ठेवला आणि ती बाजूला उभी राहून बघत राहिली. बन्सीधररावांनी पेला भरून घेतला आणि ते पाणी प्यायले.

"माझ्या लक्षात आलं नाही, असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "तुमचं घराणं लक्षात होतं, म्हणूनच तर तोंडातून गेलं. ते काही बरं झालं नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी लिंबाजीला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. लिंबाजी म्हणाला, "च्या घ्या."

चहा घेताना बन्सीधररावांनी सांगितलं की सांगाव्याचं काम आता त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे, आणि ज्याचं गाव जवळ त्यानं मदत करायची, असं ठरलं आहे. ते खरंच होतं. पुढं लोकांनी पाहिलं, आयुष्यभर खुर्चीवर बसलेला तो म्हातारा छत्री घेऊन एसटीतून उतरायचा, फाट्यापासून धुळीतून चालत जायचा आणि लोकांच्या ओसरीवर बसून वाईट बातमी सांगायचा. त्याला ते नीट जमत नसे. सांगता सांगता कित्येकदा तोच रडायचा.

लिंबाजी पुन्हा बैठकीला जाऊ लागला. सांगाव्याच्या कामाबद्दल त्याला कुणी कधी विचारलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला. कापूसच नाही, तर जीन कशी चालणार? त्या हंगामात भोंगा वाजलाच नाही. मंडळातली धडधाकट माणसं, आणि काही धडधाकट नसलेलीही, सरकारी कामावर खडी फोडायला गेली. बैठकीला पाच-सात जण यायचे. चहा बंद झाला होता, पण बन्सीधरराव बातम्या सांगायचे.

त्र्याहत्तरच्या वैशाखात मुंजाजी बैठकीला आला. ऐन उन्हात, तीन गाड्या बदलून. तोंड सुकलेलं, गळ्याची हाडं वर आलेली. लिंबाजीनं हातानंच विचारलं, काहून आलास? मुंजाजीनंही हातानंच सांगितलं, उगीच. शेडमध्ये तो लिंबाजीशेजारी पोत्यावर बसला. बातम्या चालू असतानाच तो एका अंगावर कलंडला. चौघांनी उचलून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं. लिंबाजी उशाशी बसून चमच्यानं त्याच्या तोंडात पाणी घालत होता. दुपार कलायच्या आत मुंजाजी गेला.

आता राणीसावरगावला कळवायचं कसं? घरी त्याची बायको मनकर्णा एकटी होती. पोरगा उसाच्या कारखान्याकडं कामाला गेलेला, त्याचा पत्ता कुणाला माहीत नव्हता. तार केली तरी ती गंगाखेडात पडून राहणार. कंपनीचा ट्रक मिळत होता, पण दुसऱ्या दिवशी पहाटे.

"ट्रकसोबत मी जातो," बन्सीधरराव म्हणाले. त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, हिरवी पट्टी बांधलेली होती. "पण आधी कुणीतरी पुढं जायला हवं. दारात एकदम मढंच उतरलं, तर त्या बाईनं काय करावं?"

दवाखान्याच्या व्हरांड्यात चार-पाच जण उभे होते. कुणी खाली बघत होतं, कुणी रस्त्याकडं. लिंबाजीकडं कुणीच बघत नव्हतं.

"मी जातो," लिंबाजी म्हणाला.

बन्सीधररावांनी मान वर केली. "लिंबाजी, तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही."

"म्हनूनच जायलोय."

संध्याकाळच्या गाडीनं तो परभणीला गेला, तिथून गंगाखेडला. रात्र गंगाखेडच्या स्टँडवर काढली आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं राणीसावरगावला उतरला. मुंजाजीच्या बोलण्यातून घराची खूण माहीत होती, देवळाच्या मागं, दारात शेवग्याचं झाड. घर सापडलं. पण दारापाशी आल्यावर त्याचे पाय थांबले. पुढं त्यानं सरजाबाईला सांगितलं, "कुनी आडवलं न्हाई ग. माझं मीच थांबलो. बाप जितं हुबा ऱ्हायचा तितंच मी हुबा होतो."

मनकर्णा अंगण झाडत होती. तिनं मान वर केली. लिंबाजीला तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं त्या विरळ भुवयांकडं बघितलं.

"लिंबाजीभाऊ का?" ती म्हणाली. "भाईर काहून हुबे? या की आत. आन आमचे कुटं ऱ्हायले मागं?"

लिंबाजी आत गेला. ओसरीवर बसला. तिनं पाणी आणून दिलं, ते त्यानं हातात धरलं.

"वैनी, तुमी आधी बसा."

ती उभीच राहिली. त्याच्या तोंडाकडं बघता बघता तिला कळलं असावं. अंगणात टाकलेला झाडू तिनं हळूच उचलून भिंतीला टेकवून ठेवला आणि मग खाली बसली.

"कवा?" तिनं विचारलं.

"काल दुपारी. मी उशाशी होतो."

"तरास झाला का?"

"लय न्हाई."

"काय बोलले का?"

लिंबाजीनं आपला उजवा हात वर केला आणि बोटं मिटून पुन्हा उघडली. "भट्टी बंद झाली की आमी आसं करायचो. काम झालं, चला घराकडं. तेवडं केलं त्यानं."

मनकर्णानं तोंडाला पदर लावला. तिचं रडणं ऐकून शेजारपाजारच्या बाया धावल्या. लिंबाजी हातातला पेला तसाच धरून बसून राहिला, उठला नाही.

दहाच्या सुमारास ट्रक आला. तोवर भावकी जमली होती. सांगावा आणणारा माणूस कोण, हेही गावात कळलं होतं. एका म्हाताऱ्यानं रिवाजाप्रमाणं त्याच्यासाठी भाकरी आणवली आणि अंगणाच्या कडेला ठेवायला सांगितली. मनकर्णानं ते पाहिलं. रडता रडताच ती म्हणाली, "ते सांगाव्याचे न्हाईत, मामंजी. ते घरचे हायेत. मैत उचलेपरेंत घरचं कुनी जेवत न्हाई."

भाकरी परत गेली.

तिरडी उचलायच्या वेळी तिनं लिंबाजीला पुढं व्हायला सांगितलं. दोघं-तिघं बाजूला झाले आणि मागून लांबून चालत आले. एकानं तोंड फिरवलं. बाकीचे थांबले नाहीत. लिंबाजीनं खांदा दिला, पुढच्या बाजूनं, आणि डोळ्याला पट्टी बांधलेले बन्सीधरराव एकाचा दंड धरून मागोमाग गेले. गावाच्या खालच्या अंगाला कोरड्या ओढ्याच्या काठी मुंजाजीला अग्नी दिला. पोरगा नव्हता म्हणून पुतण्यानं दिला.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत बन्सीधररावांनी मुंजाजीची बातमी स्वतः सांगितली नाही. त्यांनी लिंबाजीकडं पाहिलं. लिंबाजी उभा राहिला, टोपी हातात घेऊन. मुंजाजीचं घर कसं आहे, शेत कुठं आहे, विहिरीला पाणी कसं राहिलेलं नाही, हे त्यानं सांगितलं. घरापुढचा शेवगा सांगितला. माणसं ऐकत होती, कारण त्यातल्या कुणीच मुंजाजीचं घर पाहिलेलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "त्यो गेला म्हनून त्याचं घर मंडळातून गेलं, आसं नगं व्हायला."

मुंजाजीच्या घरच्या बाईला बैठकीला बोलवावं, असं कुणी म्हणालं आणि त्यावर थोडी चर्चा झाली. तात्यारावांनी विचारलं, बायकांनी बैठकीत येऊन काय करायचं? बन्सीधरराव म्हणाले, आपण तरी काय करतो, बातम्या ऐकतो आणि चहा पितो. तेव्हा ठरलं की गेलेल्या माणसाच्या घरची बाई यायची म्हणाली तर तिला जागा असेल.

मनकर्णा त्या साली आली नाही. पुढच्या साली दसरा झाल्यावर आली, पुतण्यासोबत. पीक बरं होतं, जीन सुरू व्हायची होती, शेड झाडून घेतलेली होती. सरजाबाई तिच्यासाठी म्हणून पहिल्यांदाच तिथं आली, आणि दोघी मागच्या पोत्यावर शेजारी बसल्या. बन्सीधररावांनी बातम्या सांगितल्या. कुणाच्या नातीचं बारसं झालं होतं, तात्यारावांच्या धाकट्यानं वालूरला दुकान टाकलं होतं. मनकर्णा डोक्यावरचा पदर सावरून ऐकत होती. एकदा तिनं सरजाबाईला हळूच विचारलं, "भट्टी कोनत्या अंगाला हाय?"

सरजाबाईला माहीत नव्हतं. बैठक संपल्यावर लिंबाजी दोघींना तिकडं घेऊन गेला.