खदानीतले लाल ठिपके

आठवीनंतर शाळा सुटली आणि घाटाखालच्या गावातून मी थेट गोंदियाच्या राइस मिलमध्ये येऊन पडलो. इथं सारं सपाट. धानाच्या बांध्या, तलाव, पुन्हा बांध्या. आमच्याकडे दाराबाहेर आलं की समोर कडा. इथं नजर कुठंच अडायची नाही, आणि ती अडली नाही की मला उघड्यावर पडल्यासारखं वाटायचं. मिलच्या मुकादमानं गोदामात झोपायला जागा दिली, स्वतःची सायकल दिली. तो माणूस नसता तर काय झालं असतं, कुणास ठाऊक. पण कोंड्याच्या धुळीतच आपण संपणार, ही भीती काही जात नव्हती.

तेव्हा रेल्वेतले एक साहेब भेटले. डोंगर चढायचं रीतसर शिकलेले. हिमाचलात त्यांच्या ओळखीच्या कॅम्पवर दोर सांभाळायला माणूस हवा होता. शाळेचा दाखला कुणी मागणार नव्हतं, फक्त बर्फावरची हत्यारं चालवता यायला हवी होती. गोंदियात बर्फ कुठला? साहेब म्हणाले, कोरड्या दगडावरही शिकता येतं, त्याला ड्राय टूलिंग म्हणतात. कुदळीसारख्या हत्याराचं टोक कपारीत अडकवायचं, बुटांना दातेरी लोखंड बांधायचं आणि चढायचं.

"पण लोखंडानं दगड ओरबाडला जातो. म्हणून सोडून दिलेली जागा पाह्य. उंची कमी, वर मजबूत झाड, खाली साफ जमीन. नवशिक्याले तेवढं बस झालं. माझी बदली येऊन राहिली बाबू, जल्दी कर."

सुट्टीच्या दिवशी मी निघायचो. सालेकसाकडच्या डोंगरात दगड देखणा, पण चांगली कपार दिसली की तिथं आधीच देव बसलेला. तिथं लोखंड लावायचा प्रश्नच नव्हता. केशोरीला एसटीनं गेलो, तर दगड झाडोऱ्यात बुडालेला. खदानींतला दगड सुरुंगानं खिळखिळा. हात लावला की गिट्टीच हातात.

"का शोधून राहिला बे?" लोक विचारायचे.

"दगड."

"तुह्या गावात नाही का?"

ते हसायचे, मीही हसायचो. गावात होता, तेच तर.

शेवटी आमगावच्या पुढं एक बंद पडलेली खदान सापडली. भिंत बुटकी, पक्की, कपारी धारदार, वर मोहाचं जुनं झाड. साहेबांनी येऊन दगड ठोकून पाहिला, झाडाला दोर बांधून लोंबकळले आणि म्हणाले, "जमलं! कपारींवर खुणा करून ठेव." मिलमध्ये यंत्रांना लावायचा लाल प्रायमर उरला होता. प्रत्येक कपारीपाशी मी बोटानं ठिपका दिला. नंतर साहेबांना सुट्टी मिळेना. पोती शिवताना मी मनातल्या मनात त्या ठिपक्यांवरून चढत राहिलो.

शेवटी साहेबांना सुट्टी मिळाली. आम्ही दोघं त्यांची हत्यारं घेऊन गेलो तेव्हा भिंतीपुढची जमीन शेणानं सारवलेली होती. ठिपक्यांवर तेल, खाली नारळाच्या करवंट्या, मोहाला लाल झेंडा. शेळ्या घेऊन एक बाई बसली होती.

"चपला काढा जी," ती म्हणाली. "देव निंगला इथं. माह्या पोरीचा ताप उतरला."

साहेब माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "मावशी, तो रंग मी लावला. मिलमधला आहे."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तूच लावला असशीन. देव का सोताच्या हातानं लावते? पण तुले इथं आनलं कोनं?"

साहेबांनी हत्यारांच्या पिशवीची चेन ओढून बंद केली. "यहाँ अब नहीं," एवढंच म्हणाले. तिनं आमच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि मला विचारलं, "उरला असन त आनून देशीन का? पानी आलं की फिका पडन."

दुसरी जागा सापडण्याआधीच साहेबांची बदली झाली. स्टेशनवर त्यांनी पाठीवर हात ठेवला. तेवढं तरी कोण करतं? कॅम्पवर दुसरा कुणी गेला असेल.

पुढच्या सुट्टीला मी प्रायमरचा डबा खदानीत नेऊन दिला. जाताना सर्वांत खालच्या कपारीत बोट घालून पाहिलं. तेलानं ती इतकी बुळबुळीत झाली होती की बोट सटकलं.

मी अजून मिलमध्येच आहे.